दिवेलागणीला गुरगुरणारी लिंक : होंड्याजवळच्या एका इकोलिंक नोडचं प्रकरण

आधी प्रकरण काय होतं ते सांगतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होंड्याजवळ एका वाड्यावर, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) अगदी कडेला आमच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्राचं घर आहे, तिथे त्याने इकोलिंकचा नोड लावला. म्हणजे टू मीटरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचा) एक एफएम मोबाइल सेट, गाडीत बसवतात तसला, एक जुना लॅपटॉप, दोघांच्या मध्ये ऑडिओ आणि पीटीटी (बोलण्याचं बटण) जोडणारी एक छोटी डबी, आणि केबलवाल्याचं फायबर. वाळपईच्या बाजूला हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट घेऊन बसलेला माणूस बटण दाबून बोलला की आवाज या घरात यायचा, लॅपटॉपमधून नेटवर जायचा आणि पुण्यात किंवा आणखी कुठेतरी दुसऱ्याच्या नोडवर परत रेडिओवर निघायचा. दिवसभर एकदम झकास. आणि दिवेलागणीला, रोज नाही पण बऱ्याच संध्याकाळी, नोड स्वतःच बोलायला लागायचा. कुणीही बटण दाबलेलं नसताना घुर्रर्र असा आवाज, थोडा वेळ चालू, मग बंद, मग परत चालू, आणि तो नोड ज्या कॉन्फरन्सला (खूप स्टेशनं एकत्र बोलतात त्या नेटवरच्या खोलीला) जोडलेला असेल तिथल्या देशोदेशीच्या लोकांच्या कानात तो जायचा. कॉन्फरन्स सांभाळणाऱ्यांनी सुरुवातीला म्यूट केलं, नंतर सरळ हाकलून दिलं.

याचं कारण शोधताना जे काय काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण असे नोड आता बरेच जण घरी लावतात आणि घोटाळा झाला की सगळे आधी नेटला शिव्या घालतात.

मुळात लिंक कशाला

पणजी ते वाळपई सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. शहरातल्या माणसाला वाटतं की एवढ्यात काय, पन्नास वॉटचा सेट आहे. पण १४५ मेगाहर्ट्झला पॉवरपेक्षा नजर महत्त्वाची, म्हणजे एक अँटेना दुसरीला दिसली पाहिजे. अंदाजाला एक साधा हिशोब आहे, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर तिचं क्षितिज. दहा मीटर उंचीला साधारण १३ किलोमीटर, दोन्हीकडे दहा-दहा मीटर असेल तर २६. आणि हे सपाट जमिनीवर! सत्तरीत सपाट काय आहे ते सांगा, म्हादईचं खोरं, दोन्ही बाजूंनी डोंगर, चोर्ल्याकडे घाट चढत जातो, मध्ये मध्ये सडे. वाळपईच्या बाजारातली हँडी होंड्याच्या सड्यावर नीट येते, पण तोच माणूस फोंड्याला किंवा पेडण्याला थेट पोचेल ही आशाच नको.

मग रिपीटर, म्हणजे उंचावर बसून ऐकलेलं लगेच परत पाठवणारा सेट, का नाही, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतोच. उंच डोंगर पाहिजे, तिथे वीज पाहिजे, मे महिन्यातल्या विजांपासून वाचवणारं अर्थिंग पाहिजे, ६०० किलोहर्ट्झच्या फरकावर एकाच अँटेनातून ऐकायचं आणि पाठवायचं म्हणजे दोन्ही वेगळं ठेवणारा फिल्टर, कॅव्हिटी डुप्लेक्सर पाहिजे, आणि सत्तरीतले चांगले डोंगर बहुतेक म्हादई अभयारण्यात, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय खुंटीसुद्धा ठोकता येत नाही, येऊ पण नये. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हापासून आपलं काहीतरी असावं हा विषय निघत होता, पण रिपीटरच्या खर्चाचा आकडा ऐकला की चहा संपवून सगळे घरी.

नेटवरून स्टेशनं जोडणं त्यामानाने स्वस्त पडतं. कल्पना जुनीच आहे, कॅनडात व्हँकुव्हरला डेव्ह कॅमेरून यांनी १९९७ मध्ये आयआरएलपी सुरू केलं, त्यात दोन्ही टोकांना रेडिओच लागतो, कॉम्प्युटरवरून कुणी थेट घुसू शकत नाही. २००२ मध्ये जोनाथन टेलर यांचं इकोलिंक आलं, त्यात कॉम्प्युटर किंवा मोबाइलवरूनही बोलता येतं, पण आधी लायसन्स दाखवून कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव) तपासून घ्यावा लागतो. लिंक स्टेशन लावायचं तर कॉलसाइनच्या पुढे एल लावून त्याची वेगळी नोंदणी. मग तुम्हाला एक नोड नंबर मिळतो आणि दुसऱ्याने आपल्या हँडीच्या कीपॅडवर तो नंबर दाबला की जोडणी होते, हॅश दाबला की तुटते. आवाज जीएसएम कोडेकमधून जातो, सेकंदाला तेरा किलोबिट, म्हणजे अगदी मरतुकडं नेटसुद्धा पुरतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि एक, आपल्याकडे लायसन्स डब्ल्यूपीसी, म्हणजे केंद्र सरकारचं वायरलेस खातं देतं, त्यावर अटी असतात, स्टेशनचा पत्ता असतो. असला नोड लावण्याआधी त्या अटी वाचायच्या आणि शंका असेल तर लेखी विचारायचं, ग्रूपवर कुणीतरी "चालता रे" म्हणाला म्हणून नाही. आमच्या मित्राचा नियम पहिल्यापासून असा की तो घरात नसेल तर नोड बंद, आणि हा नियम या प्रकरणात फार उपयोगी पडला कारण घुर्रर्र सुरू झालं की निदान कुणीतरी बटण बंद करायला हजर असायचं.

बाहेरून कुणी येईना

घुर्ररच्या आधी एक छोटी भानगड झाली ती पटकन सांगतो. नोडवरून बाहेर जोडणी व्हायची, ९९९९ हा इकोचा टेस्ट सर्व्हर आहे, त्यावर आपलाच आवाज परत ऐकू यायचा, कधी कधी. पण पुण्यातल्या मित्राने या नोडला बोलवलं की नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग आणि मग टाइम-आउट. इकोलिंकला यूडीपी ५१९८ आणि ५१९९ हे दोन पोर्ट, म्हणजे नेटचे दरवाजे, बाहेरून आत यायला मोकळे लागतात, टीसीपी ५२०० आतून बाहेर. मित्राने राउटरमध्ये दोन्ही पोर्ट फॉरवर्ड केले, परत परत केले, काही फरक नाही. कारण राउटरला बाहेरून मिळालेला आयपीच १०० आकड्याने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा हा केबलवाल्यांच्या आतल्या वापराचा, म्हणजे एक सार्वजनिक आयपी खूप घरांत वाटलेला. तुम्ही तुमच्या दारात कितीही कडी काढून ठेवा, गेट केबलवाल्याकडे बंद आहे.

यावर उपाय प्रॉक्सी. ज्याच्याकडे खरा सार्वजनिक आयपी आहे त्याच्याकडे इकोलिंकचा प्रॉक्सी प्रोग्रॅम चालवायचा आणि आपला नोड टीसीपी ८१०० वरून तिथे जोडायचा, मग जगाला आपण तिथे बसलोय असं दिसतं. एका प्रॉक्सीवर एका वेळी एकच स्टेशन बसतं म्हणून फुकटचे सार्वजनिक प्रॉक्सी ऐन वेळी भरलेले असतात. पुण्यातल्या मित्राकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक आयपी होता, त्याने घरी चालू करून दिला, प्रश्न मिटला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नोड चालवणाऱ्यांनाही बहुतेक हाच त्रास असतो.

आता घुर्रर्र

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली होती तेव्हा हे सुरू झालं. हा तपशील सगळ्यांना माहीत होता आणि कुणाच्याच डोक्यात शिरला नाही.

पहिला आरोपी अर्थातच नेट. पाऊस पडतोय, फायबर झाडांवरून लोंबकळत आलेलं, पॅकेट (नेटवरून जाणारे आवाजाचे तुकडे) गळत असतील म्हणून आवाज फाटतोय. पण पॅकेट गळले की आवाज तुटतो, शब्द खाल्ले जातात, रोबो बोलल्यासारखं होतं. नेटवर काही गेलंच नाही तर शांतता येते, घुर्रर्र येत नाही. आणि तेरा किलोबिटला फायबर कमी पडतंय हे म्हणणं म्हणजे जरा अतीच.

दुसरा आरोपी पिंग-पाँग. हा खरा दमदार संशयित होता. नोड आपल्या रेडिओवरून बोलून थांबला की त्या क्षणी त्याचाच रिसीव्हर उघडतो आणि स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज अडवणारी झडप, बंद होईपर्यंत एक बारीक फट्ट असा आवाज येतो. नोड व्हॉक्सवर असेल, म्हणजे आवाज आला की पाठव असं त्याला सांगितलेलं असेल, तर तो हा फट्ट पण इमानदारीने नेटवर पाठवतो. पलीकडचाही तसाच मूर्ख नोड असेल तर तो फट्ट ऐकून ट्रान्समीट करतो, थांबतो, त्याचा फट्ट इकडे येतो, आणि दोघे रात्रभर एकमेकांना फट्ट-फट्ट करत बसतात, माणूस मध्ये कुठेच नाही. इकोलिंकमध्ये यासाठी अँटी-थंप नावाची सेटिंग आहे, ट्रान्समीट संपल्यावर थोडा वेळ कानात बोळे. मित्राने ती वाढवत वाढवत नेली. फट्ट गेले, घुर्रर्र राहिलं. शिवाय ते कुठल्याही स्टेशनला जोडलेलं नसताना पण यायचं, लॅपटॉपच्या स्क्रीनवर रिसीव्हचा निर्देशक संध्याकाळी आपोआप लागलेला दिसायचा. मग पिंग-पाँग कुणाशी?

तिसरा तर्क फारच रंगतदार, की कुणीतरी मुद्दाम छळतंय. हा तर्क करणाऱ्यांची नावं काय, गावंही सांगत नाही. चवथीच्या तोंडावर सत्तरीत संध्याकाळी बसून रेडिओवर घुर्रर्र करायला वेळ कुणाला आहे हो, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं सामान आणायचं असतं.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं ते झालं, साखळी मधोमध तोडायची. संध्याकाळी घुर्रर्र चालू असताना अँटेनाची केबल काढली आणि तिच्या जागी डमी लोड, म्हणजे हवेतलं काही न ऐकणारी खोटी अँटेना लावली. आवाज एकदम बंद. केबल परत लावली, आवाज परत. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, डबी निर्दोष, नेट निर्दोष, इकोलिंक निर्दोष, प्रॉक्सी निर्दोष. जे काही आहे ते हवेतून अँटेनावर येतंय. दोन मिनिटांचं काम. यानंतर फार वेळ कुणी काही बोललं नाही.

मग हँडी घेऊन शोध. यात एक युक्ती आहे ती नव्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. लांब असताना अँटेना लावून फिरायचं, हँडी छातीशी धरून हळूहळू गोल फिरायचं, आपलं अंग एका बाजूचा सिग्नल अडवतं, जिथे पाठ केल्यावर आवाज सगळ्यात पडतो तिथे पाठीमागे चोर. जवळ गेलो की सगळीकडूनच फुल सिग्नल दिसायला लागतो, मग अँटेना काढून टाकायची आणि नुसत्या सेटवर ऐकायचं, तरी जास्त असेल तर फ्रिक्वेन्सी थोडी बाजूला सरकवून ऐकायचं. असं करत करत कुंपणाच्या गडग्यापर्यंत, मग गडग्याच्या पलीकडे, शेजारच्या वयनींच्या बाल्कावापर्यंत, म्हणजे दारापुढच्या ओसरीपर्यंत. आणि तिथे खांबांना गुंडाळलेली एलईडीची झगझगीत माळ, चवथीसाठी आणलेली आणि आवडली म्हणून रोज लावली जाणारी, आणि तिच्या टोकाला काळा अ‍ॅडॅप्टर, म्हापशाच्या बाजारात मिळतो तसला हलकाफुलका. हँडी त्याच्याजवळ नेली तर अँटेनाशिवाय बोंबलायला लागली.

वयनींना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न एकदम बरोबर होता. "तुमचो वायरलेस आनी म्हजी माळ, हांचो संबंद कितें?"

संबंध असा. असला अ‍ॅडॅप्टर आतून सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि फिल्टरचे पैसे वाचवलेले असले की त्या चालू-बंदचे हार्मोनिक, म्हणजे पटीतले सूर, वर वर जात मेगाहर्ट्झमध्ये पोचतात. ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, कंगव्याच्या दातांसारखे ठराविक अंतरावर उभे असतात. एफएम रिसीव्हरचा स्क्वेल्च नुसत्या पसरट खरखरीला फसत नाही, तो तर खरखर ऐकूनच बंद राहतो. पण दात नेमका चॅनेलवर आला की रिसीव्हरला वाटतं कॅरियर (सेटमधून निघणारी मूळ लहर) आला, कुणीतरी बटण दाबलं, आणि तो उघडतो. अ‍ॅडॅप्टर गरम होत जातो, संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं, तसे दात सरकत जातात, एक चॅनेलवरून जातो, मग मोकळं, मग दुसरा येतो. म्हणूनच थोडा वेळ चालू थोडा वेळ बंद, म्हणूनच रोज वेगळ्या वेळी, आणि एखाद्या संध्याकाळी अजिबात नाही. लाइट गेली की घुर्रर्र बंद, हे पण सगळ्यांनी पाहिलं होतं, पण लाइट गेली की राउटर पण बंद होतो ना, म्हणून आरोप परत नेटवर!

वयनींना नवीन अ‍ॅडॅप्टर घेऊन दिला, जरा जड, नीट शिक्क्याचा, आणि जुन्याच्या बदली लावला. माळ तशीच आहे, मस्त दिसते. आवाज खूप कमी झाला.

पण गंमत बघा, प्रकरण इथे संपवलं असतं तर चूक झाली असती. एक अ‍ॅडॅप्टर बदलला, गोव्यात चवथीला, दिवाळीला, नाताळाला किती घरांवर माळा लागतात? वाड्यावर कुणीतरी सोलरचा कंट्रोलर लावेल, कुणी स्वस्त चार्जर आणेल. प्रत्येकाच्या दारात हँडी घेऊन जाणार का? खरा दोष नोडच्या रचनेत होता. त्याला फक्त एवढंच कळत होतं की रिसीव्हर उघडला आणि आवाज आला, पाठव. समोर माणूस बोलतोय की नुसता सिग्नल उभा आहे, हा फरक करायला त्याला काहीच दिलेलं नव्हतं. घरी एकटा बसून ऐकणाऱ्याला चालतं हे, घुर्रर्र आलं तर आवाज कमी करतो. नोड जे ऐकतो ते अख्ख्या कॉन्फरन्सला ऐकवतो, त्याला ही सूट नाही.

टोन लावला, मग पिनचा घोळ

हा फरक करायचा सोपा मार्ग म्हणजे सीटीसीएसएस, बोलताना आवाजाखाली एक मंद सूर जातो, ८८.५ हर्ट्झ वगैरे, माणसाला जवळजवळ ऐकू येत नाही, रिसीव्हर तो सापडला तरच तोंड उघडतो. अ‍ॅडॅप्टरचा दात ८८.५ चा सूर काढत नाही. सेटमध्ये टोन स्क्वेल्च चालू केला, स्पीकरवर मस्त शांतता, संध्याकाळ झाली, आणि लॅपटॉपवर निर्देशक परत लागला.

या वेळी डोकं धरून बसण्याऐवजी मल्टिमीटर काढला. मधल्या काळात मित्राने व्हॉक्स सोडून सेटच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटवरून जोडणी केली होती, ती चांगलीच पद्धत आहे, सहावी पिन स्क्वेल्चची, रिसीव्हर उघडला की तिची पातळी बदलते आणि सॉफ्टवेअरला कळतं. पण सगळ्या सेटमध्ये ती पिन टोनकडे बघत नाही, काही मॉडेलमध्ये ती नुसत्या कॅरियरवर हलते. एकाने अंगणात जाऊन हँडीवरून टोनशिवाय बटण दाबलं, दुसऱ्याने सहाव्या पिनवर मीटरची टोकं धरली. स्पीकर गप्प आणि मीटरचा आकडा बदलला. म्हणजे माणसाला शांतता ऐकवणारा सेट नोडला मात्र दर वेळी सांगत होता की आलं आलं.

दोन मार्ग होते. एक, परत बाहेरच्या स्पीकरच्या जॅकवरून आवाज घ्यायचा, तिथे टोन नसेल तर खरोखर काहीच येत नाही, आणि व्हॉक्सवर चालवायचं. चाललं असतं. पण कुणीतरी येऊन व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की सगळी लेव्हल बिघडते आणि त्या घरात लहान पोरं आहेत. दुसरा मार्ग घेतला, लॅपटॉप काढून रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला आणि त्यावर एसव्हीएक्सलिंक, स्वीडनच्या टोबियास ब्लोमबर्ग यांचा लिनक्सवरचा प्रोग्रॅम. तो इकोलिंक बोलतो, प्रॉक्सीचा पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये टाकता येतो, आणि मुख्य म्हणजे टोन तो स्वतः ओळखतो. मात्र त्यासाठी आवाज चौथ्या पिनवरून घ्यावा लागतो, ९६०० ची पिन म्हणतात ती, तिथे आवाज न गाळता येतो म्हणून खालचा सूर शिल्लक असतो. पाचव्या पिनवर बऱ्याच सेटमध्ये तो सूर गाळलेला असतो आणि मग बसा शोधत की टोन का सापडत नाही. चौथ्या पिनचा आवाज कच्चा असतो, किणकिणीत, त्याला सॉफ्टवेअरमध्ये डी-एम्फसिस द्यावा, म्हणजे वरचे सूर दाबावे लागतात, तेवढं केलं.

पायचा एक फायदा वेगळाच निघाला, त्याला वीज फार कमी लागते. सेट, पाय आणि राउटर तिन्ही एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर आले, पाय आणि राउटरला मध्ये आपापले कन्व्हर्टर. आणि हो, ते कन्व्हर्टर पण आधी हँडीजवळ धरून तपासले, त्यात एक घुर्रर्र करणारा निघालाच.

टोननंतरच्या तक्रारी

घुर्रर्र गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या. लोकांचे पहिले शब्द कापले जायला लागले. कॉलसाइनच्या सुरुवातीचा, भारताचा व्हीयू गायब, नुसता आकडा आणि पुढची अक्षरं. साहजिक आहे, टोन ओळखायला पाव-अर्धा सेकंद, पाकिटं नेटवर जायला थोडा वेळ, पलीकडच्या नोडचा सेट ट्रान्समीटवर जायला थोडा, त्याच्या पलीकडच्या हँडीचा स्क्वेल्च उघडायला थोडा. सगळं मिळून तुमचा पहिला शब्द वाटेत मेला. यावर यंत्रात उपाय शोधण्यापेक्षा माणसात शोधला, बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. आणि समोरच्याचं संपलं की लगेच बटणावर उडी नको, दोन-तीन सेकंद थांबा, कुणाला मध्ये यायचं असेल तर तेवढीच फट असते, आणि हॅश दाबून लिंक तोडायची तरी त्याच फटीत दाबता येते. नोड स्वतः ट्रान्समीट करत असताना तुमचं ऐकतच नाही, त्यामुळे दोन बडबडे स्टेशन विनाफट बोलायला लागले तर हँडीवाला नुसता हॅश दाबत बसतो. आम्हाला वाटलं होतं लोक शिकतील दोन दिवसांत. केरीकडचे एक मास्तर शिकले, बाकीचे अजून शिकतायत.

दुसरी तक्रार, "माझी हँडी लिंकला लागतच नाही." स्वस्तातल्या बऱ्याच चायनीज हँडीत टोनचे दोन वेगळे मेनू असतात, ११ नंबरचा ऐकण्याचा आणि १३ नंबरचा पाठवण्याचा. लोकांनी ११ मध्ये टोन भरला. पाठवायचा तो १३ मध्ये. ११ मोकळा ठेवायचा, कारण तिथे टोन भरलात तर टोन न पाठवणारा शेजारचा हॅम तुम्हाला थेट हाक मारेल आणि तुम्हाला ऐकूच येणार नाही. आणीबाणीत हे फार वाईट.

तिसरी, सेट तापतो. कॉन्फरन्सवर लोक तासन् तास बोलतात, नोड तेवढा वेळ ट्रान्समीट करतो, मोबाइल सेट त्यासाठी बनवलेला नसतो. पन्नास वॉटवर होता तो पाचवर आणला, छोटा पंखा लावला. वाळपईत काही फरक पडला नाही कुणाला, उलट केबल बदलल्याचा फायदा जास्त दिसला. वीस मीटर आरजी-५८ होती, १४५ मेगाहर्ट्झला त्यात निम्म्याहून जास्त पॉवर केबलमध्येच जिरते आणि येणारा सिग्नलही तितकाच मरतो. आरजी-२१३ टाकली. लोक हजारो रुपयांचा सेट घेतात आणि केबलला हात आखडता घेतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

पावसात काय उरतं

नेट गेलं की लिंक गेली. यात वाद नाही, आणि सत्तरीत नेट जातं तेव्हा नेमकं असं हवामान असतं की लिंकची गरज पडावी. म्हणून ही लिंक आपत्तीसाठी आहे असं पोस्टरवर लिहायला आम्ही तयार नाही, कुणी लिहिलं तर आम्ही भांडतो. पण नोडमुळे एक झालं, वाळपई, होंडा, साखळी भागातले सगळे हॅम एका फ्रिक्वेन्सीवर येऊन बसले, सगळ्यांचे सेट चालू असतात. नेट नसलं तरी ती फ्रिक्वेन्सी कुठे जात नाही, सड्यावरचा माणूस बॅटरीवर बसलेला असतो आणि दोन्ही बाजूंचं तोंडी पोचवू शकतो. मधून मधून मुद्दाम राउटरची वायर काढून रेडिओवर सगळ्यांची हजेरी भरवतात, कोण कुणाला थेट ऐकतो याची वहीत नोंद होते. सवय अशी ठेवलीय की आधी थेट हाक मारायची, मिळाला नाही तरच लिंक. हे सगळ्यांना पटलेलं नाही, एकाचं म्हणणं आहे की मग लिंकचा उपयोग काय, त्याला समजावणं सोडून दिलंय.

एक गोष्ट अजून तशीच आहे. केरीच्या बाजूला डोंगराच्या आडोशाला राहणाऱ्या मास्तरांना नोड बऱ्यापैकी ऐकू येतो, पण त्यांची हँडी नोडला लागत नाही, लागली तरी टोन अर्धा अर्धा सापडतो आणि वाक्याचे तुकडे होतात. सेटचे पाच वॉट आणि चांगली अँटेना एकीकडे, हँडीची रबरी काडी दुसरीकडे, एकतर्फी होणारच. त्यांना सांगितलं, "मास्तर, तांब्याच्या तारेचा क्वार्टर-वेव्ह ग्राउंड प्लेन (पाव लहरीएवढी साधी अँटेना) करा, ४९ सेंटीमीटरचे तुकडे, माडाच्या उंचीवर चढवा, ते होईल." ते म्हणतात माडावर चढणारा आता मिळत नाही आणि पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळाला तर तो अँटेनाला हात लावणार नाही. पाइप लावून कौलांच्या वर काढायचं ठरलंय, पाऊस थांबला की.